परतीच्या पावसातली सॅक

परतीच्या पावसातली सॅक आषाढातल्यासारखी भरून भागत नाही. आषाढात पाऊस दिवसभर लागून असतो. सप्टेंबरअखेर हस्त नक्षत्र लागले की सिंधुदुर्गात सकाळी घामाच्या धारा, दुपारनंतर गडगडाटासह जोरदार सर आणि माथ्यावर गार वारा, असे सगळे एकाच दिवसात भेटते. मोसमी पाऊस देशातून पूर्णपणे माघारी जाण्याची सर्वसाधारण तारीख १५ ऑक्टोबर असली, तरी कापलेले भात भिजवणाऱ्या सरी त्यानंतरही येतात. मालवणात उकडत असते तेव्हा सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या आंबोलीत हवा चार-पाच अंशांनी गार असते. भिजलेल्या अंगाला तिथला वारा लागला की दात वाजू लागतात.

अंग भिजणारच, हे आधी मान्य करावे. जाड रबरी रेनकोटात चढावर माणूस आतून घामाने भिजतो. शेतकऱ्याचे इरले या बाबतीत फार शहाणपणाचे: पाठ झाकली जाते, हात मोकळे राहतात आणि खालून वारा खेळतो. सॅकवरून घेता येणारा पॉन्चो त्याच तत्त्वावर चालतो. मात्र करवंदीच्या जाळीतून जाणाऱ्या वाटेवर तो फाटतो, तिथे पातळ विंडचीटर बरा. छत्री घाटरस्त्यापुरती ठीक. मोकळ्या सड्यावर विजा कडाडत असताना ती डोक्यावर उंच धरणे धोक्याचे. निघण्यापूर्वी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप फोनवर घ्यावे, पण रानात रेंज जाते. तेव्हा पहाटे निघून दुपारपूर्वी माथा सोडणे हाच खरा उपाय.

जीन्स घरी ठेवावी. ती भिजली की जड होते आणि दिवसभर वाळत नाही. चटकन वाळणारी ट्रॅक पँट आणि कृत्रिम धाग्याचा टी-शर्ट चालतो. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब धरून ठेवते, म्हणूनच घाटमाथ्यावरच्या धनगराच्या खांद्यावरून घोंगडी सुटली नाही. पातळ लोकरी बनियन हेच काम कमी वजनात करते.

सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे कोरडा जोड. सॅकवरच्या रेनकव्हरवर तो सोपवू नये, कारण पाणी पाठ आणि सॅक यांच्या फटीतून आत उतरते. कपडे, मोजे आणि पंचा गुंडाळून जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालावेत, गुडघ्याने दाबून हवा काढावी, तोंड पिळून दुमडावे, वर रबर लावावे आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत उलटी सरकवावी. हा जोड मुक्कामी पोहोचल्यावरच उघडायचा. वाटेत मोह होतो, आणि तिथेच बहुतेकांचे गणित बिघडते.

जांभ्या दगडावर शेवाळ धरते. झिजलेल्या तळव्याचे बूट त्यावर टिकत नाहीत, मग ते कितीही महागाचे असोत. हातात काठी हवी. आंबोलीच्या रानात जळवांसाठी पँट मोज्यात खोचावी आणि मिठाची पुरचुंडी जवळ ठेवावी. चिकटलेली जळू ओढू नये, नख सरकवून सोडवावी. नंतर रक्त थोडा वेळ वाहते. त्याने घाबरायचे कारण नाही.

पायावरची जखम मात्र जलरोधक पट्टीने झाकलीच पाहिजे. या जिल्ह्यात लेप्टो नवा नाही, आणि डोंगराच्या पायथ्याची वाट बहुधा भाताच्या चिखलातूनच जाते. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला, तर चिखलातून चाललो होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. कातळावर फुरसे असते, त्यामुळे दगडाच्या फटीत हात घालू नये. टॉर्च प्रत्येकाकडे हवा. ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, पण झाडीत अंधार त्याआधीच पडतो. शिट्टी वजनाला काहीच नाही. फोन झिपच्या पिशवीत बंद ठेवावा.

पावसात तहान जाणवत नाही, तरी माणशी दोन लिटर पाणी असावे. गूळ-शेंगदाणे, खजूर आणि डब्यात मालवणी खाजे, एवढे खाणे दिवसाला पुरते.

दोर मात्र नको. मनोहर-मनसंतोषगड किंवा रांगण्याकडे जाताना व्हाळ ओलांडावे लागतात, म्हणून हौसेने दोर घेतला जातो. न शिकलेल्या हातातला दोर माणसाला पाण्यात उतरायचे धाडस देतो, बाहेर काढत नाही. डोंगरातला छोटा व्हाळ सरीबरोबर फुगतो आणि सर थांबली की बहुधा तासा-दोन तासांत उतरतो. तोवर अलीकडच्या काठावर थांबावे. दोराच्या जागी एका जादा वेळचे खाणे घ्यावे, आणि परतायची वेळ पायथ्याच्या वाडीत कुणाला तरी सांगून निघावे.