चोवीस महिन्यांचे वडीलधारे

मॉर्मन पंथाच्या तरुण धर्मोपदेशकांविषयी आमच्या सुशिक्षित मंडळींत दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. एक पक्ष त्यांची टवाळी करितो: पांढरा सदरा, नेकटाय, छातीवर काळी नावपट्टी, आणि जेथे एक दिसला तेथे दुसरा असावयाचाच. दुसरा पक्ष त्यांची मुक्तकंठाने स्तुती करितो. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा घरच्या पैशाने दोन वर्षे परदेशी राहतो, नेमाने उठतो, मद्यास व तंबाखूस शिवत नाही, परकी भाषा बोलू लागतो, शंभर दारे तोंडावर आपटली तरी एकशेएकावे ठोठावतो. आमच्या तरुणांस असे वळण कोणी लावील तर किती बरे, असे ह्या पक्षाचे म्हणणे. टवाळीस उत्तर देण्याचे कारण नाही. स्तुतीस मात्र दिले पाहिजे. कारण तिच्या पोटी 'शिकविणे' ह्या क्रियेविषयी एक खोटी समजूत दडलेली आहे, आणि ती समजूत आमच्या शाळांत व सेवाश्रमांत आधीच पुरेशी मुरली आहे.

प्रथम वस्तुस्थिती. ह्या पंथाची स्थापना जोसेफ स्मिथ याने १८३० साली न्यूयॉर्क प्रांतात केली, आणि त्याच वर्षी 'बुक ऑफ मॉर्मन' छापून निघाले. १८४४ साली स्मिथ जमावाच्या गोळ्यांस बळी पडला. १८४७ साली ब्रिगम यंग अनुयायांस घेऊन सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरला. (२०१८ पासून चर्चने 'मॉर्मन' हे नाव टाळावे असा आग्रह धरला आहे; परंतु लोकांत तेच रूढ असल्यामुळे आम्हीही तेच योजतो.) १९७४ साली तत्कालीन अध्यक्ष स्पेन्सर किंबॉल यांनी प्रत्येक पात्र तरुणाने धर्मकार्यास गेलेच पाहिजे असे बजाविले. २०१२ साली वयोमर्यादा मुलांसाठी एकोणिसावरून अठरावर व मुलींसाठी एकविसावरून एकोणिसावर आली. आज असे सत्तर हजारांहून अधिक उपदेशक जगभर फिरत आहेत. मुलाने दोन वर्षे द्यावयाची, मुलीने दीड. कोठे जावयाचे हे त्याच्या इच्छेवर नाही. पत्र येते आणि त्यात देशाचे नाव असते.

भाषा परकी असेल तर प्रोव्हो येथील किंवा अन्यत्रच्या शिक्षणकेंद्रात सुमारे दोन महिने घोकंपट्टी होते, आणि मग मुलगा, समजा, ओसाकाच्या एखाद्या उपनगरात उतरतो. त्याला आता स्वतःचे नाव राहिलेले नाही. तो 'एल्डर' अमुक, म्हणजे वडीलधारा अमुक. मिसरूड नीट न फुटलेल्या मुलास वडीलधारा म्हणावे ह्यातील विनोद जपानसारख्या वयाचा मान राखणाऱ्या देशात कोणाच्या ध्यानात येत नसेल असे नाही. सकाळी साडेसहास उठणे (आमच्या दृष्टीने ही काही पहाट नव्हे), व्यायाम, एकट्याचा अभ्यास, मग जोडीदारासह अभ्यास, मग दिवसभर रस्ते, स्थानकांचे चौक, सदनिकांचे जिने. रात्री साडेदहास दिवे मालवावयाचे. आठवड्यातून एक दिवस कपडे धुण्यास, बाजारहाटास व घरी पत्र लिहिण्यास मोकळा. २०१९ पर्यंत आईबापांशी दूरध्वनीवर बोलणे वर्षातून दोनदा. त्या वर्षापासून दर आठवड्यास बोलण्याची मुभा मिळाली. जोडीदार नेमून दिलेला असतो व तो दृष्टीआड होऊ द्यावयाचा नसतो. ज्याच्याशी आपले पटत नाही अशा समवयस्काबरोबर एका खोलीत महिनोन्‌महिने काढणे ही शिक्षा आमच्या वसतिगृहांतून राहिलेल्यांस समजावून सांगावयास नको. दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी निघते; कोणी राहतो, कोणी दुसऱ्या गावी जातो.

आणि चहा! १८३३ च्या एका आज्ञेवरून पंथास चहा व कॉफी वर्ज्य झाली. २०१९ साली हिरवा चहाही त्यातच येतो असा खुलासा झाला. जपानी गृहिणी दार उघडते, हे आधीच दुर्मीळ. ती आत बोलावते, त्याहून दुर्मीळ. मग ती हिरव्या चहाची वाटी पुढे ठेवते, आणि तिच्या आयुष्यात अधिक सत्य आणावयास आलेला हा मुलगा ती वाटी सौम्यपणे बाजूस सारतो. समजूतदार बाई सातूचा काढा आणून देते, त्यावर निभावते. प्रसंग क्षुल्लक दिसतो. परंतु पाहुण्याने यजमानाकडून काही घेण्याआधी त्याला द्यावयास लागणे हा ह्या सर्व व्यवहाराचा नमुना त्यात पुरता उतरला आहे.

ह्या मुलांचे कष्ट आम्ही खोटे मानीत नाही. आमचा वाद त्या कष्टांतून जे शिकविणे निपजते त्याच्याशी आहे.

उपदेशक काय शिकवितो ते पाहा. पूर्वी सहा पाठ शब्दशः पाठ करून म्हणावयाचे असत. २००४ साली निघालेल्या नव्या मार्गदर्शक ग्रंथाने पाठांतर सोडून स्वतःच्या शब्दांत बोलण्याची परवानगी दिली, आणि स्तुतिपाठक हीच सुधारणा आमच्यापुढे नाचवितात. परंतु शब्द मोकळे झाले तरी वाट बांधलेलीच राहिली. स्मिथास झालेले दर्शन व चर्चची पुनःस्थापना, मग जन्मापूर्वीचे व मरणानंतरचे जीवन, मग श्रद्धा, पश्चात्ताप व बाप्तिस्मा, मग आज्ञा. प्रत्येक पाठाच्या शेवटी ऐकणाऱ्याकडून काही कबूल करून घ्यावयाचे: इतकी पाने वाचीन, रविवारी येईन, अमुक तारखेस बाप्तिस्मा घेईन. आणि सत्यासत्याची कसोटी कोणती? ग्रंथ वाचावा, अंतःकरणपूर्वक प्रार्थना करावी, म्हणजे तो खरा असल्याची जाणीव होईल. जाणीव झाली तर ग्रंथ खरा ठरला. न झाली तर? तर वाचन अपुरे, प्रार्थना अर्धवट, मन पुरते निष्कपट नव्हते, पुन्हा करावी. जिचे उत्तर एकाच बाजूने मोजले जाते ती कसोटी नव्हे. सोनाराने कस लावावा आणि पिवळी रेघ न उठल्यास दगडाला दोष द्यावा, अशातला हा प्रकार आहे.

ह्याहून खोल गोष्ट अशी की, शिकविणाऱ्याचीच खात्री अद्याप पुष्कळदा झालेली नसते. पंथाच्या भाषेत साक्ष देणारा 'माझा विश्वास आहे' असे म्हणून थांबत नाही. तो 'मला ठाऊक आहे' असे म्हणतो. अठराव्या वर्षी हे कोणास ठाऊक असते? ही अडचण चर्चच्या धुरीणांनाही दिसली होती. बॉइड पॅकर ह्या वरिष्ठ नेत्याने १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात असे प्रतिपादिले की, साक्ष ही देता देताच सापडते. ह्याचा सरळ अर्थ काय होतो? मुलाने आधी 'ठाऊक आहे' म्हणावयाचे. म्हणत राहिल्याने पुढे ते ठाऊक होईल. म्हणजे ओसाकाच्या त्या बाईचे कान हे मुलाच्या खात्रीचे वाफे झाले. बी तिच्यात पेरावयाचे, पीक स्वतःच्या घरी न्यावयाचे. ती पटली नाही तरी चालते. मुलगा पटून परततो. धर्मकार्याने धर्मांतरित होणारा पहिला मनुष्य उपदेशक स्वतःच, असे तिकडे अभिमानाने सांगण्याचा प्रघात आहे. त्यातील व्यंग सांगणाऱ्यांस दिसत नाही, एवढेच.

येथे आमचे काही मित्र विचारतील की, कीर्तनकार तरी काय वेगळे करितो? तोही पूर्वरंगात ठरलेला अभंग घेतो, त्यालाही उत्तर आधीच ठाऊक असते. प्रश्न योग्य आहे. परंतु कीर्तनाला श्रोता आपल्या पायांनी येतो व कंटाळला तर आपल्या पायांनी उठून जातो. दुसऱ्या रात्री त्याच्या दारात उभे राहून 'माळ कोणत्या तारखेस घालणार?' असे कोणी विचारीत नाही, आणि किती माळा घातल्या ह्याचा तक्ता वरच्या कचेरीत जात नाही. शिवाय बुवा त्याच गावच्या पंचक्रोशीतला असतो. त्याचा उपदेश व त्याचे वर्तन ही दोन्ही लोक वर्षानुवर्षे पडताळून पाहतात. सहा आठवड्यांच्या बदलीच्या यादीवर असलेल्या उपदेशकाला हा पडताळा कधी सोसावाच लागत नाही.

तक्त्याचा उल्लेख केला, तो उगाच नव्हे. १९६० च्या सुमारास इंग्लंडात बेसबॉलचे संघ काढून शाळकरी मुले जमविली गेली आणि संघात येण्याबरोबरच त्यांचा बाप्तिस्मा उरकला गेला. आपण एका चर्चचे सभासद झालो हे कित्येकांस उमगलेही नव्हते. पुढे त्यांतील पुष्कळ नावे पटावरून काढून टाकावी लागली. एक भरकटलेला काळ म्हणून ते सोडून देऊ. मग चिलीकडे पाहू. २००२ साली त्या देशात चर्चच्या पटावर पाच लक्षांहून अधिक सभासद होते. त्याच वर्षीच्या जनगणनेत स्वतःस मॉर्मन म्हणविणारे एक लक्षाच्या किंचित वर निघाले. जनगणनेने पंधरा वर्षांखालील मुलांस धर्म विचारला नव्हता, हे खरे; ती मुले मिळविली तरी दरी बुजत नाही. चर्चलाही ती दिसली असावी, कारण त्याच वर्षी जेफ्री हॉलंड ह्या प्रेषितपदावरील नेत्यास तेथे दोन वर्षे राहावयास पाठविण्यात आले. हे लक्षावधी लोक कोण होते? कोणा तरी तरुण जोडीने त्यांच्या दारात उभे राहून स्नेह दाखविला, घरी येणे-जाणे ठेविले, तारीख ठरविली, पाण्यात उतरविले, आणि मग बदलीची यादी निघाली. त्यांना धर्म सुटल्याचे दुःख झाले की नाही हे आम्हांस सांगता येणार नाही; मित्र गेल्याचे झालेच असेल. अलीकडे अशा शिष्यास 'शोधक' न म्हणता 'मित्र' म्हणण्याची रीत चर्चने पाडली आहे. शब्द गोड आहे. परंतु ज्या मैत्रीची पुढील पायरी छापील ग्रंथात दिलेली असते, तिला आमच्या भाषेत दुसरे नाव आहे.

ह्या मुलांवरही अन्याय होतो, हे स्तुतिपाठकांनी ध्यानात घ्यावे. जेथे जाणे हे पात्रतेचे लक्षण, तेथे न जाणे हे अपात्रतेचे ठरते; आणि मध्येच परतणाऱ्याकडे गाव कसे पाहते हे लहान गावांत वाढलेल्या आमच्या वाचकांस ठाऊक आहे. जो संशयात आहे त्याने संशय कोणास सांगावा? जोडीदार दृष्टीआड होत नाही, वरिष्ठांस साप्ताहिक पत्र जाते, आणि शिकावयास आलेल्या 'मित्रा'पुढे तर संशय काढावयाचाच नाही. ज्या वयात मनुष्याने वाटेल ते वाचावे, वाटेल त्याच्याशी भांडावे, आणि तीन महिन्यांत तीन मते बदलावीत, त्या वयाची दोन वर्षे एकाच वाक्यास वाहिली जातात.

भाषा शिकतात, हे मात्र मान्य. पण भाषा शिकणे म्हणजे काय हेही आम्हांस ठाऊक आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आला, आणि त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. मधली सदतीस वर्षे त्याने मराठी ऐकण्यात घालविली. जस्टिन अ‍ॅबट यांनी मराठी संतांची चरित्रे व काव्ये इंग्रजीत नेली, ती आयुष्य आमच्यात घालवूनच. स्टीफन्सच्या पाठीशी पोर्तुगीज सत्तेची तलवार होती व मॉर्मन मुलाच्या पाठीशी सायकलीखेरीज काही नाही, हा फरक मुलाच्याच बाजूने मोजावा लागेल, आणि आम्ही तो मोजतो. तरीही ज्या लोकांना द्यावयाचे त्यांचे काही घेतल्यावाचून देता येत नाही, हे स्टीफन्सला कळले होते. ओवी त्याने आमच्याकडून घेतली.

मॉर्मन उपदेशक आमच्याकडेही येऊन गेले आहेत. ह्यू फिंडले हा स्कॉटिश गृहस्थ १८५२ साली मुंबईस उतरला व तेथून पुण्यास गेला. त्याच वर्षी तिकडे चर्चने बहुपत्नीत्वाचा उघड पुरस्कार केला, त्यामुळे इकडील पाद्री व लष्करी अधिकारी अधिकच बिथरले. हाती लागले ते छावणीच्या आसपासचे मूठभर लोक, आणि १८५६ च्या सुमारास हिंदुस्थानातील कार्य आटोपले.

आमच्या म्हणण्याविरुद्ध जपानातीलच एक नाव पुढे केले जाते, ते अल्मा टेलर याचे. १९०१ साली जपानात पहिले मॉर्मन उपदेशक योकोहामा येथे उतरले, त्यांत हा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. आणि त्यानेच 'बुक ऑफ मॉर्मन' जपानीत आणले. उदाहरण उत्तम आहे. फक्त ते आमचे आहे. टेलर चोवीस महिन्यांनी परतला नाही, आठ वर्षांहून अधिक काळ राहिला. भाषांतर करून ते जपानी माणसांपुढे ठेविले, चुका दाखवून घेतल्या, पुन्हा लिहिले, आणि शेवटचा हात चोको इकुता ह्या साहित्यिकाकडून फिरवून घेतला; पुढे ह्याच इकुताने नीत्शेचा 'जरथुस्त्र' जपानीत आणला. अमेरिकेतील एका धर्मनिष्ठ तरुणाने आपला पवित्र ग्रंथ नीत्शेच्या भाषांतरकाराकडे सोपवावा आणि त्याचे म्हणणे ऐकावे, हे त्या सर्व कार्यातील आम्हांस सर्वांत आवडलेले दृश्य. ग्रंथ १९०९ साली टोकियोत निघाला. बाप्तिस्म्यांची संख्या त्या मानाने नगण्य राहिली, आणि १९२४ साली चर्चने जपानातील कार्य बंद केले, ते १९४८ साली पुन्हा उघडेपर्यंत.