गुन्हा, गुनाह आणि शाळेत आलेले वकीलसाहेब

९ नोव्हेंबरचा विधी सेवा दिन किंवा २६ नोव्हेंबरचा संविधान दिन जवळ आला की शाळेत कायदेविषयक शिबिराचं पत्र येतं. तालुका विधी सेवा समितीकडून दोन-तीन वकील येतात, कधी न्यायाधीशही येतात. अशिलांची कामं बाजूला ठेवून ते आमच्या मोहल्ल्यातल्या शाळेपर्यंत येतात, याची जाण ठेवूनच पुढचं लिहिते. माझी तक्रार त्यांच्या भाषेबद्दल आणि त्यांनी निवडलेल्या विषयांबद्दल आहे.

मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. 'कलम' म्हटलं की या मुलांना लेखणी दिसते. कायद्याचं कलम त्यांच्यासाठी 'दफा'. हिंदीच्या सवयीने 'शिक्षा' म्हणजे त्यांना तालीम वाटते. पण सगळ्यात मोठा घोळ 'गुन्हा' या शब्दाचा. उर्दूत गुनाह अल्लाहसमोरचा, कायद्यासमोरचा तो जुर्म. मराठीत पाप वेगळं आणि गुन्हा वेगळा. एका शिबिरानंतर सहावीतल्या मुलीने मला विचारलं, "टीचर, झूठ बोलना भी गुनाह है ना? फिर पुलिस आएगी?"

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. सतराव्या वर्षी मुलीचा निकाह ठरवणारा बापही असंच म्हणतो, यात गुनाह कसला? २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने मात्र मुलीसाठी अठरा वर्षांची अट घातली आहे. वकिलांनी इथे 'अठरा' हा आकडा सांगून पुढे जाऊ नये. हा कायदा आणि मुस्लीम व्यक्तिगत कायदा यांच्यात कोणता वरचढ, यावर उच्च न्यायालयांचे निकाल वेगवेगळे आले आहेत, हेही मुलींना सांगावं. नववी-दहावीच्या मुली हे नीट समजून घेतात. त्यांच्याच आयुष्याचा प्रश्न आहे.

गंमत अशी की कोर्टाची जुनी मराठी अर्धी आमचीच आहे. वकील, अर्ज, दावा, फिर्याद, जबाब, वारस, जप्ती, तारीख. वकीलसाहेबांनी फळ्यावर हे आठ शब्द लिहून सुरुवात केली तरी मुलांचं अवघडलेपण जाईल. पण माईक हातात आला की 'सदर अधिनियमान्वये' सुरू होतं.

आता विषय. विनापरवाना गाडी चालवली तर काय, मोबाईलवरून कुणाची बदनामी केली तर काय, नशेच्या पदार्थांसोबत सापडलात तर किती वर्षं. हे सांगायलाच हवं. पण तासभर एवढंच ऐकून मूल बाहेर पडतं तेव्हा कायदा म्हणजे पोलीस, एवढंच त्याच्या मनात उरतं. ते तर त्याला वस्तीत आधीच ठाऊक असतं.

कुणी हे सांगत नाही की २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, चोवीस तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर पंधरा वर्षांखालच्या मुलाला किंवा कुठल्याही बाईला ठाण्यावर यायची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं असतं. भाऊ कुठे आहे हे विचारायला आईला ठाण्यात बसवून ठेवलं, असं सांगणारी मुलं माझ्या वर्गात आहेत. त्यांना ही एक ओळ ठाऊक असणं मोठी गोष्ट आहे. आणि १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रिया आणि मुलांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, १५१०० वर फोन करता येतो. ज्या समितीचा फलक मागे लावलेला असतो, तिचं मुख्य काम हेच. आणि भाषणात तेच राहून जातं.

शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलमही असंच राहून जातं. मुलांना मारणं, मानसिक त्रास देणं त्याने बंद केलं आहे. हा विषय वगळा, पोरं डोक्यावर बसतील, असं शिक्षकांच्या खोलीत बोललं जातं. माझं मत उलट आहे. तो मुद्दा शिक्षकांच्या देखतच सांगावा.

वर्षातून एक तास, शाल-श्रीफळ आणि फोटो यातून हे होणार नाही. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात १९७२ पासून कायद्याचे विद्यार्थी शाळांत जाऊन सत्रभर वर्ग घेतात. आपल्याला इतकं लांब बघायचीही गरज नाही. आपल्या मोहल्ल्यांतून एलएलबी झालेल्या मुली आता तालुक्याच्या कोर्टात दिसू लागल्या आहेत. त्यांना दोन्ही भाषा येतात, गुनाह आणि गुन्हा यातला फरक त्यांना समजावून द्यावा लागत नाही. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी असते, आमची सकाळची शाळा भरते. त्यातला महिन्याचा एक शनिवार, एकच वर्ग, चाळीस मुलं आणि माईक नको.