पोलादाला छत्री, पऱ्हाटी उघड्यावर

गेल्या पंधरवड्यात आम्ही तिघं-चौघं पांढरकवड्याला टिन आणायला गेलो होतो. पोडावरच्या एका म्हाताऱ्या मायच्या घराची कौलं वानरांनी फोडून टाकली. आता टिन टाकल्याशिवाय तिचा पुढचा पावसाळा निघत नाही. दुकानदारानं भाव सांगितला अन् आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं पाहत राहिलो. तो म्हणे, "मी काय करू दादा, वरून ड्युटी लागली ना! चायनाचा माल अडवला सरकारनं." परत येताना काळीपिवळीत आमच्यातला एक जण म्हणाला, "ड्युटी तं आजवर फॉरेस्ट गार्डाची ऐकली होती. टिनाची कुठून निघाली बाप्पा?"

गाडीत सगळे हसले. पण प्रश्न खरा आहे, म्हणून या अंकात त्याच ड्युटीबद्दल लिहीत आहोत. तिचा आपल्या कापसाशी अन् आपल्या दाव्याशी काय संबंध, तेही सांगू.

बाहेरच्या देशातून माल आला की बंदरावर त्याच्यावर कर बसतो, हे आपल्याला माहीत आहे. ड्युटी म्हणजे तोच कर. पण एखादी परदेशी कंपनी स्वतःच्या मुलखात ज्या भावानं विकते त्याच्याहून कमी भावानं माल इथं आणून ओतते आणि त्यानं इथले कारखाने बुडायला लागतात, तेव्हा त्या मालावर वेगळा जादा कर लावता येतो. ती अँटी-डम्पिंग ड्युटी. १९७५ च्या कस्टम्स टॅरिफ कायद्यात ९-अ हे कलम तिच्यासाठीच आहे. आणखी एक सेफगार्ड ड्युटी असते. तिच्यात कोणी लबाडी केली हे दाखवावं लागत नाही. माल लोंढ्यासारखा आला आणि इथल्यांचं मोठं नुकसान झालं, एवढं सिद्ध झालं की पुरे.

चीनमध्ये पोलाद गरजेपेक्षा जास्त होतं आहे. तिथं घरं बांधणं मंदावलं, तसा तो माल जगभर जाऊ लागला. आपल्याकडच्या मोठ्या पोलाद कंपन्यांनी दिल्लीत ओरड केली. २१ एप्रिल २०२५ पासून सरकारनं पोलादाच्या सपाट मालावर, म्हणजे पत्रा, प्लेट, गुंडाळी अशा मालावर, २०० दिवसांसाठी १२ टक्के सेफगार्ड ड्युटी लावली. ३० डिसेंबरला ती पक्की झाली. तीन वर्षांसाठी आहे: पहिल्या वर्षी १२ टक्के, दुसऱ्या वर्षी साडेअकरा, तिसऱ्या वर्षी ११. व्हिएतनामहून येणाऱ्या गरम लाटलेल्या पोलादावर नोव्हेंबरात वेगळी अँटी-डम्पिंग ड्युटी बसली. टनामागं १२१.५५ डॉलरपर्यंत, पाच वर्षांसाठी.

घराच्या छपराला लागणारा जस्ताचा अन् रंगीत टिन त्या सेफगार्ड ड्युटीत येतो. जालन्याहून येणारी सळाख त्यात येत नाही, कारण ती सपाट माल नव्हे. तेव्हा सळाखवाल्यानं ड्युटीचं नाव घेतलं तर त्याला विचारा. टिनवाल्याचंही सगळंच खरं धरू नका. ड्युटी लागली म्हणून भाव चढतोच असं नाही. गेल्या वर्षाच्या शेवटी शेवटी देशात पोलादाचे भाव उतरले होते. भाव चढला की ड्युटीचं नाव, उतरला की दुकानदार मुका. आणि आपल्या गावच्या लोहारदादाला यातलं काहीच लागू नाही. तो ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्याची पास ठोकून देतो. त्या भंगारावर कोणी ड्युटी लावत नाही, कोणी त्याला वाचवायलाही येत नाही.

आता खरी गोष्ट ऐका. सेफगार्ड ड्युटीच्या हुकमात प्रत्येक मालाला एक भाव ठरवून दिला आहे. गरम लाटलेल्या गुंडाळीला टनामागं ६७५ डॉलर. जस्त लावलेल्या पत्र्याला ८६१. रंगीत पत्र्याला ९६४. या भावानं किंवा त्याच्या वर माल आला तर ड्युटी नाही. त्याच्या खाली आला तर लागते. समजा गुंडाळी ६०० डॉलरनं आली, तर तिच्यावर ७२ डॉलर भरल्याशिवाय ती बंदराच्या बाहेर पडत नाही. याला हमीभाव म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? आणि हा हमीभाव कागदावरचा नाही. तो वसूल करायला बंदरावर माणूस बसला आहे.

आपले काही साथी म्हणतात, हा सगळा भांडवलदारांचा खेळ आहे, आपण याच्या विरोधात उभं राहायला पाहिजे. आम्हाला ते पटत नाही. बाहेरचा माल मातीमोल भावानं ओतला तर इथला कामगार उपाशी राहतो. त्या कारखान्यांत आपल्याही गावची पोरं कंत्राटावर आहेत. घर वाचवायला दार लावतात, ते वाईट नव्हे. आमचं म्हणणं एवढंच की दार कोणाच्या घराला लागलं आणि कोणाच्या घराचं उघडून ठेवलं, ते पाहा.

परदेशी कापसावर २ फेब्रुवारी २०२१ पासून ११ टक्के ड्युटी होती. त्यातला एक हिस्सा तर शेतीच्या विकासाच्या नावानं लावलेला उपकर होता. २०२२ मध्ये ती एप्रिलच्या मधापासून ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत उचलली. २०२५ मध्ये पुन्हा तेच. १९ ऑगस्टपासून ड्युटी माफ. आधी सांगितलं ३० सप्टेंबरपर्यंत, मग दहा दिवसांतच मुदत वाढवून ३१ डिसेंबर केली. कारण असं की अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के कर लावला, कापड गिरण्या अडचणीत आल्या, त्यांना स्वस्त कापूस पाहिजे. गिरण्या अडचणीत आल्या हे खोटं नाही. तिथंही गरीबच काम करतात. पण त्यांची अडचण भागवायला हात घातला तो कोणाच्या पोत्यात?

ऑगस्ट ते डिसेंबर. ऑगस्टात पऱ्हाटीला पात्या-फुलं लागतात. दसरा-दिवाळीला पहिली वेचणी. डिसेंबरपर्यंत ज्याला दुकानाची उधारी, पोरीचं लग्न, दवाखाना आहे त्याचा कापूस घरात थांबत नाही. ज्याच्याजवळ पक्की खोली आणि चार पैसे आहेत तोच मार्चपर्यंत थांबतो. म्हणजे आपला कापूस बाजारात निघायच्या वेळेस दार उघडलं, आणि आपलं घर रिकामं झाल्यावर मुदत संपली. पोलादाला तीन वर्षांची छत्री मिळाली ३० डिसेंबरला. कापसाच्या माफीचा शेवटचा दिवस होता ३१ डिसेंबर. एका दिवसाचं अंतर. तारखा आम्ही दोनदा तपासल्या.

कोणी म्हणेल, कापसाला हमीभाव आहे की. आहे. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याला क्विंटलमागं ७,७१० रुपये अन् लांब धाग्याला ८,११०. पण पोलादाचा भाव बंदरावर पाळावाच लागतो, तसा कापसाचा भाव खेड्यातल्या खरेदीदारानं पाळलाच पाहिजे असं नाही. गावात काटा घेऊन येणारा त्याच्या खाली घेतो आणि कोणी विचारत नाही. हमीभाव देते ती सीसीआय. तिथं विकायचं तर यंदा मोबाइलवर 'कपास किसान' ॲपमध्ये नाव नोंदवा, आधार जोडा, सातबारा द्या, सातबाऱ्यावर पऱ्हाटीची नोंद दाखवा. कापसात ओल १२ टक्क्यांच्या वर निघाली तर गाडी परत.

ओलीचं एक वेळ समजू शकतो, कापूस वाळवता येतो. सातबारा कुठून वाळवून आणायचा? आमच्या पोडावर अन् आसपासच्या गावांत कित्येक जण बापजाद्यांपासून वाहतात ती जमीन जंगलाच्या नावावर आहे. दावे टाकले, पावत्या घेतल्या, काहींची मोजणी झाली, आणि फायली तिथंच आहेत. ज्याचा दावा पडून आहे त्याला सातबारा नाही. सातबारा नाही म्हणून पेरा नाही, पेरा नाही म्हणून नोंदणी नाही. त्याच्या शेतातला कापूस सरकारच्या हिशेबानं उगवलाच नाही. मग तो खेड्याच्या काट्यावर जातो, नाहीतर एखाद्या सातबारावाल्याच्या नावावर. नाव देणारा त्याचं काय घेतो ते सगळ्यांना माहीत आहे.

व्हिएतनामच्या पोलादाची चौकशी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली. दिल्लीत वाणिज्य मंत्रालयात यासाठी एक वेगळं कार्यालय आहे. तिथं कंपन्यांनी अर्ज दिला, नोटीस निघाली, परदेशी कंपन्यांनाही बोलावलं, सगळ्यांचं ऐकलं, कारखान्यांच्या वह्या तपासल्या. विक्री किती घटली, नफा किती पडला, माल किती पडून राहिला, हे मोजलं. या मोजणीला कायद्यात 'इजा' म्हणतात. वर्षाच्या आत चौकशी संपवायची, फार तर दीड वर्ष, असा नियमच आहे. ऑगस्ट २०२५ ला शिफारस झाली, नोव्हेंबरात हुकूम निघाला. पंधरा महिने.

वनहक्काचा कायदा २००६ चा. नियम लागू झाले १ जानेवारी २००८ ला. १८ वर्षं झाली. त्या कायद्यात आम्ही अपील ६० दिवसांत करायचं अशी मुदत आमच्यावर आहे. समितीनं दावा इतक्या दिवसांत निकाली काढावा अशी मुदत कायद्यात नाही. गावच्या जाणत्या माणसाचा जबाब पुरावा म्हणून चालतो असं नियमात लिहिलेलं असताना जुन्या दंडाच्या पावत्या मागतात. ज्यानं त्या काळी दंड भरला नाही, गार्डाला कोंबडी देऊन सुटला, त्याच्याजवळ पावती कुठून असणार?

इजा मोजायचीच तर आमचीही मोजा. पण मोजायला वही लागते. कंपनीजवळ आहे. कापूस पिकवणाऱ्यांनी तसाच अर्ज दिल्लीला करायचा म्हटलं तर लाखो घरांचा खर्च, उतारा, विक्री कोण लिहून ठेवतो? तरी कापसाचं डम्पिंग ही मनची गोष्ट नाही. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना सरकारी पैसा देऊन जगाचा भाव पाडते म्हणून ब्राझील देश तिच्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि जिंकला. शेवटी २०१४ मध्ये अमेरिकेनं ३० कोटी डॉलर देऊन ते भांडण मिटवलं.

आणखी एक गोष्ट, ती गडचिरोलीची आहे पण आपल्याला लागून आहे. वणीकडचे लोक वर्धा नदी ओलांडून घुग्गुसला जातात. तिथल्या भट्टीला लोखंडाची माती सुरजागडहून येते. एटापल्ली तालुक्यातला तो डोंगर माडिया लोकांच्या ठाकूरदेवाचा. ३४८ हेक्टरचा पट्टा २००७ मध्ये दिला गेला. आणखी खाणी नकोत म्हणून २०२३ मध्ये त्या भागातल्या गावांनी तोडगट्ट्याला महिनोन्महिने ठिय्या दिला. देशाच्या पोलाद धोरणात २०३० पर्यंत ३० कोटी टनांची क्षमता उभी करायची असं लिहिलं आहे. ड्युटी मागताना कंपन्या हेच सांगतात की भाव राहिला तर आम्ही नवे कारखाने टाकू. नवे कारखाने म्हणजे नवी माती, नवा कोळसा, नवा रस्ता. ते कोणाच्या जंगलातून निघणार ते सांगायला नको. 'देशी उद्योग' वाचवायचा म्हणतात, त्या देशी उद्योगात डोंगर धरतात आणि डोंगरावरची माणसं धरत नाहीत.

घरकुलाचंही सांगून टाकतो. साध्या घरकुलाचे १ लाख २० हजार २०१६ मध्ये ठरले. जनमनमध्ये कोलामांना २ लाख मिळतात. सरकार पत्र्याला कमीत कमी भाव बांधून देऊ शकतं, तर ज्याच्या घरावर तो पत्रा पडणार त्याची रक्कमही दरसाल पाहायला पाहिजे.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत यावर ठराव घ्यायचा आहे. पेसाच्या गावांत तर घ्याच, बाकीच्या गावांनीही घ्यावा. ठरावात तीन गोष्टी असाव्यात असं आम्हाला वाटतं. सप्टेंबर ते मार्च या काळात कापसावरची ड्युटी उचलू नये. वनहक्काचा दावा पडून असलेल्या माणसाच्या पेऱ्याचा दाखला ग्रामसभेनं द्यावा आणि सीसीआयनं तो धरावा. पडून असलेल्या दाव्यांना मुदत घालावी, पोलादाला जेवढी लागली तेवढी चालेल. घरकुलाचा वेगळा ठराव करा, एकात सगळं कोंबलं की साहेब लोक सोपं तेवढं उचलतात.

सभेला येताना वनहक्क समितीचं रजिस्टर आणायला विसरू नका. यंदा कोणाच्या वावरात किती पऱ्हाटी होती, किती क्विंटल निघाला, कोणत्या तारखेला कोणत्या भावानं गेला, ते घरागणिक लिहायचं आहे. व्यापाऱ्याच्या चिठ्ठ्या असतील त्या फेकू नका. ज्याला लिहिता येत नाही त्याचं शाळेतल्या पोरांकडून लिहून घ्या, आणि खाली अंगठा घ्या.