दोन शिक्षक, चार वर्ग आणि मुलांचा आठवडा : शाळा व्यवस्थापन समितीचे निवेदन

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद.

मार्फत : मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती.

विषय : वाडीवरील द्विशिक्षकी प्राथमिक शाळेत दोन्ही शिक्षक आठवडाभर वर्गावर राहतील अशी व्यवस्था करण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य व पालक हे निवेदन सादर करीत आहोत. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे हे काम बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २१ ने आमच्याकडे दिले आहे. ते लक्ष ठेवताना जे दिसले तेच येथे लिहिले आहे.

आमची मराठवाड्यातील वाडीवरची शाळा पहिली ते चौथीची. पट साठाच्या आत, म्हणून शिक्षक दोन मंजूर आणि दोन कार्यरत. खोल्या दोन, त्याही चांगल्या. कागदावर पाहिले तर आमची तक्रार उद्भवतच नाही. तपासणीच्या नमुन्यात 'रिक्त पदे' या रकान्यात शून्य लिहिले जाते आणि साहेब पुढच्या शाळेकडे निघतात. आमचे म्हणणे त्या शून्याबद्दल आहे.

कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे. भागाकार केला तर दिवसाला चार तास येतात. दोन शिक्षक हजर असतील तर प्रत्येकाकडे दोन वर्ग, म्हणजे एका वर्गाच्या वाट्याला शिक्षक दोन तास. उरलेला वेळ मुले पाटीवर, वहीत, गटात बसून काम करतात. जोडवर्गाची ती रीतच आहे आणि आमचे शिक्षक ती मनापासून चालवतात. पण एक शिक्षक बाहेर गेला की दोनाचा एक तास होतो. पहिली-दुसरी भिंतीकडे तोंड करून, तिसरी-चौथी फळ्याकडे, असे सगळे एका खोलीत बसवले जातात. त्या दिवशी शिकवणे होत नाही, राखणे होते. आणि असा दिवस आमच्या शाळेत अपवादाने येत नाही. केंद्राची शिक्षण परिषद, प्रशिक्षण, तालुक्याची बैठक, मतदार यादीचे काम, कधी शेजारच्या शाळेत शिक्षक नाही म्हणून आमच्यातले एक तिकडे कामगिरीवर. आठवडा सलग असा क्वचितच मिळतो.

आठवडा सलग मिळाला तर काय होते, तेही आम्ही पाहतो. सकाळी परिपाठ होतो. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष. चौथीचा एखादा मुलगा वर्तमानपत्रातली बातमी वाचताना अडखळतो आणि पहिलीतली मुले त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. मग पहिलीच्या पोरांच्या हातात चिंचोके येतात, जमिनीवर खडूने काढलेल्या अक्षरावर ते मांडायचे असतात. दुसरीत तुराट्यांच्या काड्या. दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले गठ्ठे म्हणजे दशक, सुट्या काड्या म्हणजे एकक. एवढ्याशा साहित्यावर आमच्या शाळेत हातच्याची वजाबाकी मुलांना समजते, हे सांगताना आम्हाला संकोच वाटत नाही.

त्याच वजाबाकीचा एक तास आमच्यातल्या एका सदस्य बाईंनी वर्गात बसून पाहिला. बेचाळीसमधून सतरा काढायचे होते. दोन सुट्या काड्यांतून सात जाईनात, म्हणून मुलीने एका गठ्ठ्याचे रबर काढले. काड्या बारा झाल्या. आता सात बाजूला करायच्या, तेवढ्यात सरांचा फोन वाजला. कसलीशी माहिती बारा वाजेपर्यंत ऑनलाइन भरायची होती, 'अत्यंत तातडीचे' म्हणून. नेटवर्क मिळते ते मारुतीच्या पारापाशी. सर तिकडे गेले. मुलीने थोडा वेळ वाट पाहिली, मग काड्या न मोजताच पुन्हा रबरात कोंबल्या. त्या गठ्ठ्यात दहा होत्या की बारा, कोणी पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी सरांना प्रशिक्षण होते. प्रशिक्षण पायाभूत संख्याज्ञानाचे होते.

या प्रसंगात सरांना दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. माहिती भरली नसती तर नोटीस त्यांना आली असती, आणि वजाबाकी राहिली म्हणून आजवर कोणाला नोटीस आल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

म्हणून आमची मुख्य मागणी ही की, द्विशिक्षकी शाळेतील एकही शिक्षक पर्यायी शिक्षक दिल्याशिवाय शाळेच्या वेळेत बाहेर बोलावू नये, आणि कामगिरीवर तर मुळीच पाठवू नये. शेजारच्या शाळेची अडचण आम्हाला कळते, तिथली मुलेही आमच्याच भावकीतली आहेत. पण एका शाळेला शिक्षक देण्यासाठी दुसरी शाळा एकशिक्षकी करणे म्हणजे उणीव मिटवणे नव्हे, ती फक्त वाडी बदलते. केंद्रस्तरावर एक राखीव शिक्षक ठेवावा, ज्या शाळेतून शिक्षक गेला त्या शाळेत त्याने त्या दिवशी उभे राहावे. प्रशिक्षणे दोन टप्प्यांत घ्यावीत. निवृत्त शिक्षकांची सेवा घेण्याचा मार्ग शासनाने स्वतःच दाखवला आहे. आमच्या पंचक्रोशीत तयार असलेले निवृत्त गुरुजी आहेत.

कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच कामे शिक्षकांना शिक्षणाबाहेरची म्हणून देता येतात. त्यांना आमचा विरोध नाही. २०२७ ची जनगणना समोर आहे, ती देशाची गरज आहे. एवढेच पाहावे की एका द्विशिक्षकी शाळेतून दोघांनाही त्या कामावर घेतले जाणार नाही. बाकीच्या कामांबद्दल शासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी विभागणी करून यादीच काढली. ती यादी शाळेच्या कपाटात आहे. तिचा अंमल तालुक्याच्या पातळीवर व्हावा, अशी विनंती.

ऑनलाइन माहितीबद्दल स्वतंत्र लिहावे लागते. यू-डायस, सरल, पोषण आहाराची रोजची नोंद, उपस्थिती, आधार जुळणी, शिवाय व्हॉट्सॲपवर येणारे तक्ते. यातली पुष्कळ माहिती तीच ती असते. मुलाचे नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक एकदा भरल्यावर पुन्हा का मागतात, हे आम्हा शेतकरी माणसांना कळत नाही. सातबारा तरी एकदा निघाला की काही काळ चालतो. यात आधार जुळणी सर्वांत जाचक. मुलाच्या नावात एक काना जास्त पडला की तो वर्गात बसलेला असतो, पण शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या पटात नसतो. मग ते नाव दुरुस्त करायला बाप रोजगार बुडवून तालुक्याला जातो आणि सर पालकांच्या दारात जातात, कारण पट एकाने घसरला तरी शिक्षकाचे पद जाण्याची भीती. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयानंतर ही धास्ती वाढलीच आहे. आमची मागणी अशी की, केंद्रशाळेत एक डेटा एन्ट्री ऑपरेटर द्यावा, शाळेने आठवड्यातून एकदा शनिवारी कागदावर माहिती द्यावी, आणि शाळेच्या वेळेत 'आजच्या आज' अशी मागणी कोणत्याही कार्यालयाने करू नये. आधार केंद्राचे यंत्र वर्षातून दोनदा शाळेत आणले तर आमचे बरेच रोजगार वाचतील.

गुरुवारबद्दल थोडे सांगायचे आहे. शेजारच्या गावचा आठवडे बाजार गुरुवारी भरतो. आईबाप बाजाराला गेले की मोठी मुलगी घरी धाकट्याला सांभाळते, मुलगा शेळ्यांमागे जातो. त्या दिवशी उपस्थिती कमी होते, हा दोष आमचा, पालकांचा. समिती घरोघर फिरून बोलत आहे आणि फरक पडू लागला आहे. पण नेमक्या याच दिवशी बैठका ठेवल्या जातात. 'पोरे तशीही कमीच असतात' असे त्यामागचे गणित ऐकू येते. जी पोरे बाजाराच्या दिवशीही दप्तर घेऊन येतात, ती शाळेवर जास्त विसंबलेली असतात, असा आमचा अनुभव आहे. बैठक गुरुवारी नको.

दिवाळीनंतर आमच्यातली काही कुटुंबे ऊसतोडीला जातात. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, ती आम्हाला हवीच आहे. मात्र तिची मंजुरी टोळ्या निघण्याच्या आधी हातात पडावी. गाडी निघून गेल्यावर आलेल्या मंजुरीने एकही मूल थांबत नाही.

आता जेवणाबद्दल. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा नियम आहे. आमच्या शाळेत खिचडी चुलीवर शिजते आणि चांगली शिजते. शिजवणाऱ्या मावशी आधी स्वतः चाखतात, मग शिक्षक, मग मुले. नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्यातून एकदा अंडे मिळू लागले होते, न खाणाऱ्यांना केळे. त्या दिवशी गैरहजर राहणारी मुले सापडत नसत. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्याचा वेगळा निधी बंद केला आणि हवे असेल तर लोकवर्गणीतून द्या असे सांगितले. आमच्या वाडीची वर्गणी हरिनाम सप्ताहाला आणि शाळेच्या कुंपणाला पुरते. अंड्याचा निधी राज्याचा विषय आहे हे आम्ही जाणतो, तरी आपण शिफारस करावी. मावशींचे मानधन आणि इंधनाचे पैसे मात्र वेळेवर देणे आपल्याच अखत्यारीत येते. तीन-तीन महिने उशिरा येणाऱ्या मानधनावर कोणीही दुसऱ्याच्या लेकरांसाठी धुरात बसणार नाही. मावशी बसतात, हा त्यांचा चांगुलपणा. त्यावर योजना चालवू नये.

शनिवारी सकाळची शाळा असते. दप्तर नसते. गोष्टी, कवायत, परसबागेत पाणी घालणे, चित्रे, कागदकाम. शासनाने 'आनंददायी शनिवार' म्हणून जे सुचवले ते आमच्याकडे आधीपासून थोडेफार चालू होते. त्यासाठी निधी मागत नाही. वाचनालयाच्या पेटीत 'किशोर' मासिकाचे अंक नियमित यावेत एवढे करता आले तर पाहावे.

शाळेला मिळालेला टीव्ही बंद आहे, कारण वीजबिल थकले आणि वीज तोडली गेली. बिलाची तरतूद होत नसेल तर निदान यापुढे विजेवर चालणारे साहित्य पाठवू नये.

राज्यात पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी यावर मोठा वाद झाला आणि जून २०२५ मध्ये त्याबाबतचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले गेले. आम्ही तो वाद वाचला. आमच्या वाडीत अजून पहिल्या भाषेलाच पूर्ण वेळ माणूस मिळत नाही, हे सांगण्याचा मोह आवरत नाही. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि गणित करता यावे, हे 'निपुण भारत' अभियानाचे २०२६-२७ पर्यंतचे उद्दिष्ट आहे. आमच्या शाळेत ते गाठता येईल असे दोन्ही शिक्षक म्हणतात. त्यांची अट एकच आहे, आम्हाला वर्गात राहू द्या.

वाडीत सकाळी इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी गाडी येऊ लागली आहे. जे पालक त्या गाडीत मुले बसवतात त्यांना आम्ही नावे ठेवत नाही. त्यांच्यातल्या एकाने समितीच्या बैठकीत सांगितले की, तिथे चांगले शिकवतात की नाही ते ठाऊक नाही, पण बाई रोज वर्गात असते. याला आमच्याकडे उत्तर नव्हते. मुले गेली की पट जातो, पट गेला की पद जाते, पद गेले की उरलेली मुलेही जातात. हे चक्र आपल्या कार्यालयाला आमच्यापेक्षा चांगले माहीत आहे.

अशा निवेदनाच्या शेवटी शाळेला कुलूप ठोकण्याचा इशारा देण्याची पद्धत आहे. आम्ही तो देत नाही. कुलूप लावले तर मुलांना मिळणारा तासही जाईल आणि अडचण कोणत्याच कार्यालयाची होणार नाही. त्याऐवजी समितीने ठरवले आहे की, शाळेत दोन्ही शिक्षक किती वेळ वर्गावर होते याची नोंद यापुढे दररोज फाटकाजवळच्या फलकावर लिहायची, आणि बाहेर बोलावले असेल तर कोणत्या कामासाठी तेही लिहायचे. महिनाअखेरीस त्या नोंदीची प्रत आपल्या कार्यालयास पाठवू व ग्रामसभेत वाचून दाखवू. ही नोंद शिक्षकांविरुद्ध नाही, हे त्यांना सांगूनच ठरवले आहे.

आपण किंवा आपले प्रतिनिधी शाळेला भेट देणार असाल तर हजेरीपट आणि भिंतीवरची रंगरंगोटी पाहून परत न जाता एक पूर्ण तास दुसरीच्या वर्गात बसावे. शक्य झाल्यास गुरुवारी यावे.

द्विशिक्षकी शाळेतून पर्यायाविना शिक्षक न काढण्याबाबतचा लेखी आदेश गटशिक्षण कार्यालयास द्यावा व त्याची प्रत आम्हाला मिळावी. इतर मागण्यांना वेळ लागेल हे आम्ही समजू शकतो. या एका आदेशाला निधी लागत नाही, म्हणून त्याचे उत्तर तीस दिवसांत मिळावे ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, उपाध्यक्ष व सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती,
तसेच वाडीतील पालक (सह्या व अंगठे सोबत जोडले आहेत)

प्रत माहितीस्तव :
१. मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद
२. केंद्रप्रमुख
३. सरपंच, ग्रामपंचायत
४. शाळेचा फलक