शिक्षकाच्या हातातील पाचशे रुपये

आमच्या विद्यालयाच्या गच्चीवरून वलवण धरणाची भिंत दिसते. या जलाशयाचे पाणी खंडाळ्याकडे नेऊन तेथून मोठ्या नळांतून पाचशे मीटरांहून अधिक खाली खोपोलीच्या वीजगृहात सोडले जाते, आणि १९१५ पासून त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या, हे इतिहासाच्या तासाला आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. मुले ते लिहून घेत व परीक्षेत उतरवीत. धरण वर आणि वीजगृह एवढे खाली का, असे मात्र कोणी विचारले नाही. खरे सांगायचे तर आम्हालाही तो प्रश्न कधी पडला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी आमच्या विज्ञानाच्या बाईंनी एका लाकडी चकतीभोवती प्लॅस्टिकचे चमचे बसविले, चकतीला जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर व एक एलईडी दिवा जोडला आणि गच्चीवरील टाकीच्या पाण्याची धार त्या चमच्यांवर सोडली. पहिल्या दिवशी चार चमचे तुटले, दिवा काही लागला नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर धार धरली तर चाक नुसतेच फिरले. तळमजल्यावर धरली आणि दिवा लागला. सातवीतील एक मुलगी ओल्या हातांनी आमच्याकडे वळून म्हणाली, "सर, म्हणून खोपोली खाली आहे!" या साऱ्याला २४० रुपये खर्च आला. तो बाईंनी आपल्या पगारातून केला.

या २४० रुपयांविषयीच आम्हास लिहावयाचे आहे.

सर्व शिक्षा अभियानात शिक्षकाला अध्यापन साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळत. रक्कम हसण्याजोगी होती. अनेकांनी तीतून बाजारातले तयार तक्ते आणून भिंतीवर टांगले, हेही आम्ही पाहिले आहे. परंतु काय घ्यावयाचे ते वर्गात उभा राहणारा माणूस ठरवीत असे. २०१८ मध्ये समग्र शिक्षा आली. तीत सरकारी शाळेला पटसंख्येनुसार दहा हजारांपासून एक लाखापर्यंत एकत्रित अनुदान ठरले. वीजबिल, डागडुजी, स्वच्छता भागविल्यावर त्यातून चमच्यांसाठी काय उरते, हे मुख्याध्यापकांनाच विचारावे.

दुसऱ्या टोकाला अटल टिंकरिंग लॅब आहे. नीती आयोगाच्या या योजनेत एका शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे; त्यातील दहा लाख उभारणीसाठी आणि उरलेले पाच वर्षे ती चालविण्यासाठी. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, रोबोटिक्सचे संच ग्रामीण मुलांच्या हाती यावेत, यास आमचा विरोध कसा असेल? २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत अशा पन्नास हजार प्रयोगशाळा सरकारी शाळांत उभारण्याची घोषणा झाली. 'सरकारी' या शब्दात संस्थांनी चालविलेल्या निवासी शाळा, जेथे आपल्या समाजाची शेकडो मुले राहून शिकतात, बसतात की नाही, हे आपल्या संस्थाचालकांनी विचारून घेतले पाहिजे. इन्स्पायर-मानक योजनेत निवडलेल्या कल्पनेसाठी दहा हजार रुपये मिळतात; पण ते विद्यार्थ्याच्या खात्यात, आणि निवड झालेल्यालाच. वर्गातील उरलेल्या चाळीस मुलांसाठी साधा चुंबक आणावयाचा झाला, तर शिक्षकाला आपलाच खिसा चाचपावा लागतो.

आमच्या नोकरीच्या आरंभी एका शाळेत विज्ञान साहित्याचे कपाट होते. त्याची किल्ली कार्यालयात असे. तपासणीच्या दिवशी कपाट उघडे, वस्तू जडसंग्रह नोंदवहीशी ताडून पाहिल्या जात आणि पुन्हा कुलूप लागे. एका सहकाऱ्याच्या तासाला चंचुपात्र फुटले, त्याची किंमत त्यांच्या वेतनातून कापली गेली. त्यानंतर निवृत्तीपर्यंत त्यांनी प्रयोग फळ्यावर काढून दाखविले. त्यांना दोष द्यावा असे आम्हास वाटत नाही.

कुलूपबंद कपाट इतरांसाठी गैरसोय असेल. आमच्यासाठी त्यात जुनी जखम आहे. एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी बालभीमाला उदाहरण सोडविण्यास बोलाविले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे बाटतील म्हणून वर्गातील मुले ते उचलण्यास धावली, हा प्रसंग आपल्या घराघरांत ठाऊक आहे. ज्यांच्या हातांना पाण्याची, फळ्याची, वस्तूंची मनाई होती, त्यांच्या नातवंडांना वस्तू हाताळू देणे, मोडू देणे आणि पुन्हा जोडू देणे हा आमच्या लेखी शिक्षणाचा गाभा आहे.

पैसे शिक्षकाच्या हाती दिले तर त्यांचा गैरवापर होईल, असा आक्षेप येतो. पाचशे रुपयांवर एवढा संशय, आणि वीस लाखांच्या खरेदीवर मात्र कागद पूर्ण असले की समाधान! त्यावरही उपाय आहे. अमेरिकेत २००० साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील चार्ल्स बेस्ट या शिक्षकाने 'डोनर्सचूज' सुरू केली. (तो इतिहासाचा शिक्षक होता, हे आम्ही थोड्या अभिमानानेच नोंदवितो.) शिक्षक आपल्या वर्गाची गरज लिहितो, लोक थोडे थोडे पैसे देतात, आणि संस्था रोख न देता साहित्य विकत घेऊन शाळेत पोहोचविते.

आपल्यालाही हे नवे नाही. वलवणहून जवळच असलेल्या कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांब एका राजाने उभारले नाहीत. एकेका खांबावर वेगळ्या दायकाचे नाव आहे. दारापाशी दोन लेख आहेत. एकात धेनुकाकटाच्या सिंहदत्त नावाच्या गांधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने, दिलेल्या दानाची नोंद आहे. दुसऱ्यात ते दार घडविणाऱ्या सुताराचे, वेणुवासाचा पुत्र सामी याचे नाव आहे. देणारा आणि घडविणारा दोघेही तेथे आहेत.

या स्मरणिकेच्या जाहिराती व देणग्यांतून जी रक्कम शिल्लक राहील, तीतून संस्थेने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला दोन हजार रुपयांची तरतूद करावी, अशी आमची सूचना आहे. अर्ज एका पानाचा असावा. हिशेबासोबत मुलांच्या प्रयोगवह्या पाहाव्यात. फुटलेल्या वस्तूची नोंद व्हावी, वसुली होऊ नये. नोंदवहीत दायक उपासक-उपासिकांचे आणि शिक्षकाचे नाव एकाच ओळीत असावे. येत्या जूनपासून हे सुरू करता येईल, आणि पहिली नोंद बाईंचे २४० रुपये परत केल्याची असावी.