कुस्तीच्या दिवशी डबा घरचाच न्यावा

पैलवान म्हटले की लोकांना बदाम, तूप आणि थंडाई आठवते. आमच्या घरी बदाम नसतात. म्हणून मला आधी वाटायचे की आमचा दादा काही मोठा पैलवान होणार नाही. आता तसे वाटत नाही. कुस्तीच्या दिवशी काय खावे आणि केव्हा खावे, याबद्दल माझे मत मी या भित्तिपत्रिकेत लिहीत आहे.

माझा दादा सातवीत आहे. तो रोज पहाटे तालमीत जातो. मागच्या वर्षी तालुक्याच्या शालेय कुस्त्यांना मी त्याची पिशवी धरायला गेलो होतो. दादाचा गट ३५ किलोचा. आदल्या दिवशी दुकानातल्या काट्यावर तो ३५ किलो ४०० ग्रॅम भरला. मग रात्री तो जेवलाच नाही. पाणीसुद्धा घोटभरच प्याला. पहाटे आई भाकऱ्या थापत होती, तर दादा म्हणाला, "आये, भाकरी बांधू नको. पोरं हसत्यात. मी तिकडंच खातो." आई काही बोलली नाही. तिने पदराच्या गाठीतले पन्नास रुपये काढून दिले.

सकाळी आठ वाजता वजन झाले. दादा ३५ मध्ये बसला. पण त्याला भूक आवरेना. त्याने गाड्यावर दोन वडापाव खाल्ले आणि वर बाटलीतले रंगीत सरबत प्याला. अर्ध्या तासात त्याचे नाव पुकारले. पहिली कुस्ती तो कशीबशी जिंकला. दुसऱ्या कुस्तीत पोटात कळ आली, पायांत गोळे आले आणि तो चीत झाला. त्याच मुलाला दादाने जत्रेत पाडले होते! संध्याकाळी घरी आलो तर आईने कोण जिंकले हे विचारले नाही. तिने विचारले, "जेवलास का रं?" तेव्हा दादा रडला.

आजी म्हणाली, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार?" मला आजीचे पटते.

दादा म्हणतो, वजन सांभाळावेच लागते. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट ५० किलो गटात फायनलला पोचली होती. पण त्या दिवशी सकाळी तिचे वजन फक्त १०० ग्रॅम जास्त भरले आणि तिला बाद केले. हे खरे आहे. पण वजन उतरवताना तिच्या अंगातले पाणी इतके कमी झाले की तिला दवाखान्यात न्यावे लागले. ती तर मोठी पैलवान, तिच्याजवळ डॉक्टर होते. आपल्याजवळ कोण आहे? गुरुजी म्हणतात, वाढत्या वयात वजन वाढणारच. म्हणून माझे मत असे आहे की मुलांनी उपाशी राहू नये. वजन वाढले तर वरच्या गटात खेळावे. तिथे हरलो तरी चालेल.

आता डब्याविषयी. कुस्तीच्या दिवशी वजन सकाळीच होते आणि मग दिवसभर थांबावे लागते. जिंकेल त्याला पुन्हा पुन्हा खेळावे लागते. म्हणून वजन झाल्याबरोबर दशमी आणि एक केळे खावे. दशमी दुधात भिजवलेली असते, मऊ राहते आणि प्रवासात लवकर खराब होत नाही. पहिल्या कुस्तीला वेळ असेल तेव्हाच पोटभर खावे, नाव पुकारायच्या तोंडावर नाही. दोन कुस्त्यांच्या मध्ये थोडा गूळ आणि शेंगदाणे खावेत. घरून लिंबू, मीठ, साखर घातलेले पाणी न्यावे आणि ते घोट घोट प्यावे. पातळ कालवण नेऊ नये, ते उन्हात आंबते. मोकळी मटकीची उसळ आणि भाकरी सगळ्या कुस्त्या संपल्यावर खावी. तळलेले पदार्थ पचायला वेळ लागतो. ते दुसऱ्या दिवशी खाल्ले तर कुणाची काही हरकत नाही. मलाही वडापाव आवडतो.

कुणी म्हणेल, गरिबाने खुराक कुठून आणायचा? पण १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. अंगात ताकद यायला बदामच लागतात असे नाही. आपल्या रानात शेंगा पिकतात. मग भाकरी-शेंगदाण्याची लाज का वाटावी? हसणाऱ्या मुलांच्या घरीसुद्धा भाकरीच असते.

यंदा आपल्या शाळेतून पाच जण कुस्तीला जाणार आहेत. त्यांतल्या दोघांचे आईवडील ऊसतोडीला गेले आहेत. ते दोघे आजीजवळ राहतात आणि आजीला डोळ्यांनी नीट दिसत नाही. त्यांचा डबा कोण बांधणार? कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले. त्यांच्याजवळ तिकडे जायला पैसे नव्हते. लोकांनी मदत केली तेव्हा ते जाऊ शकले. आपल्याला तर फक्त तालुक्याला पाठवायचे आहे.

म्हणून माझी सर्वांना विनंती आहे. प्रत्येकाने शनिवारी घरून एक मूठ शेंगदाणे आणावेत. ज्यांच्याकडे गूळ असेल त्यांनी गुळाचा खडा आणावा. मी गुरुजींना विचारले आहे, ते कपाटाजवळ एक डबा ठेवणार आहेत. आमची आई कूट करून देणार आहे आणि लाडू मी व दादा वळणार आहोत. पाचही जणांना सारखे लाडू मिळतील.

दादाने यंदा आपण होऊनच सांगितले आहे, "आये, माझी दशमी बांध. आणि दोन जास्त बांध."

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थी