लिलावाबाहेरचे खेळाडू आणि आमची यशोगाथा

मराठीत ‘यशोगाथा’ नावाचा एक वाङ्मयप्रकार गेली काही दशके जोमाने वाढला आहे. रविवारच्या पुरवण्यांत, पाठ्यपुस्तकांत, स्पर्धापरीक्षांच्या वर्गांत, व्याख्यानमालांत तो सर्वत्र आढळतो. समीक्षेने मात्र त्याची दखल घेतलेली नाही. ‘ते काही साहित्य नव्हे’ एवढे म्हटले की आपली जबाबदारी संपते, अशी आपल्या विद्यापीठीय अभ्यासकांची समजूत दिसते. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. जो प्रकार सर्वांत जास्त वाचला जातो, तोच वाचकाची जगाकडे पाहण्याची सवय घडवतो. आणि यशोगाथेने घडवलेली सवय घातक आहे. ज्यांची निवड झाली नाही, त्यांच्याविषयी बोलण्याची भाषाच ती शिल्लक ठेवत नाही.

उदाहरण कबड्डीचे घेऊ, आणि प्रदेश चंद्रपूर-गडचिरोलीचा. कबड्डी विदर्भाला परकी नाही. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाची प्रात्यक्षिके दाखवणारे पथक अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे होते. आजही पिके घरात आली की या दोन जिल्ह्यांच्या गावागावांत मातीच्या मैदानावर, दिव्यांच्या उजेडात, रात्र-रात्र सामने चालतात. 1858 साली चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी गेलेल्या वीर बाबुराव शेडमाके यांच्या नावाने गडचिरोली पोलीस दल कबड्डी स्पर्धा भरवत आले आहे. खेळ आहे, खेळणारे आहेत, पाहणारेही आहेत. नाही ती फक्त पुढची वाट.

2014 साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि ती वाट तयार झाली, असे आपल्याला सांगण्यात आले. या वाटेचे गणित एकदा मांडले पाहिजे. संघ 12. एका संघात जास्तीत जास्त 25 खेळाडू. म्हणजे सगळ्या देशासाठी, त्यात परदेशी खेळाडू धरून, फार तर 300 जागा. महाराष्ट्राचे दोन संघ, एक मुंबईचा आणि एक पुण्याचा. विदर्भाचा एकही नाही. सिरोंच्याच्या मुलाला मुंबई शेकडो किलोमीटर दूर. त्याला तेलुगू टायटन्सचे हैदराबाद कितीतरी जवळ. आंतरराज्य स्पर्धांत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून वेगळा खेळतो, त्यामुळे महाराष्ट्राच्या संघाला मिळणारे निवडकर्त्यांचे लक्षही आपसूक त्याच्या वाट्याला येत नाही. 2023 च्या लिलावात पवन सेहरावतवर 2 कोटी 60 लाख 50 हजारांची बोली लागली. सर्वांत खालच्या गटाची मूळ किंमत 9 लाख होती. पण त्या यादीत नाव येणे हीच मुळात मोठी मजल असते. लिलावाशिवाय थेट करार करून घेतलेले नवे तरुण खेळाडू हा आणखी एक अरुंद दरवाजा.

आता ‘लिलाव’ या शब्दाकडे पाहू. भाषेच्या विद्यार्थ्यांना तरी तो खटकायला हवा होता. चंद्रपूर-गडचिरोलीत हा शब्द पुस्तकी नाही. बल्लारपूरच्या डेपोत सागवानाचे लठ्ठे प्रतवारी लावून लिलावात काढले जातात. तेंदूपत्त्याचा लिलाव हा इथल्या उन्हाळ्याचा कणा आहे. पिढ्यानपिढ्या जंगल इथल्यांचे आणि बोली दुसऱ्यांची, अशी स्थिती होती. ती पालटायला मोठा लढा द्यावा लागला. मेंढा (लेखा) या गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 साली बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पुढे अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या. आपल्या मालाचा भाव आपण ठरवायचा, हा या प्रदेशाने कमावलेला विचार आहे. आणि त्याच प्रदेशातल्या तरुणाने आपले शरीर प्रतवारी लावून दुसऱ्यांच्या बोलीसाठी मांडावे, याला आपण ‘संधी’ म्हणतो. डेपोत न विकला गेलेला लठ्ठा पुढच्या लिलावात पुन्हा येतो. तेविसाव्या वर्षी न निवडला गेलेला चढाईपटू फार काळ थांबू शकत नाही.

यावर येणारा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. लीगने गरीब घरांतल्या मुलांना पैसा आणि नाव दिले, हे खोटे आहे काय? मुळीच नाही. अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यातला अस्लम इनामदार लिलावाविना, नवा तरुण खेळाडू म्हणून पुणेरी पलटणमध्ये आला, आणि मार्च 2024 मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली तो संघ विजेता ठरला. त्याच्या कष्टांविषयी आम्हांला आदरच आहे. आमचे भांडण त्याच्याशी नाही, त्याच्या नावाने केल्या जाणाऱ्या युक्तिवादाशी आहे. ‘तो करू शकला, मग तुम्ही का नाही?’ या प्रश्नात 300 जागांचे गणित, मॅट आणि मातीतला फरक, प्रशिक्षकाचा अभाव, प्रवासखर्च हे सगळे नाहीसे होते, आणि उरतो तो न निवडलेल्याचा दोष.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये दरवर्षी सात फेऱ्यांत महाविद्यालयीन खेळाडूंची निवड होते. त्यात नाव न आलेले शेकडो तरुण तरीही संघांच्या शिबिरांत दाखल होतात. प्रत्येक संघाचे 90 जण हंगामापूर्वी 53 वर आणले जातात. कर्ट वॉर्नर असाच निवडीबाहेर राहिलेला, किराणा दुकानात रात्री फळ्या भरणारा. पुढे 1999 च्या हंगामात त्याने संघाला विजेतेपद मिळवून दिले. त्याच्यावर 2021 साली चित्रपट निघाला. शिबिरातून घरी परतलेल्यांवर चित्रपट निघत नाहीत, कारण त्यांची गोष्ट कुणाला दिलासा देत नाही.

यशोगाथेला एकच नायक लागतो. कबड्डी सात जणांची असते. आत आलेल्या चढाईपटूला हातात हात गुंफलेली साखळी पकडते. पकड नेमकी कोणाची, हे सांगणे कठीण. मोजक्या चढायांच्या निवड चाचणीत असा साखळीतला बचावपटू दिसतच नाही, आणि यशोगाथेतही दिसत नाही. निवडीची पद्धत आणि कथनाची पद्धत यांतले हे साम्य योगायोगाचे नाही. दोघांनाही एकटा माणूस सुटा काढून हवा असतो.

यात अध्यापकवर्गाचाही वाटा आहे. ‘बलुतं’ (1978) आणि ‘उपरा’ (1980) ही पुस्तके वर्गात ‘संघर्षातून यशाकडे’ या मथळ्याखाली शिकवली जातात, तेव्हा त्यांतली लाज, त्यांतला संताप, मागे राहिलेल्यांची गर्दी हे सारे बाजूला पडते. ज्या पुस्तकांनी यशोगाथा नाकारली, त्यांचीच आपण यशोगाथा केली. मग निवड न झालेला मुलगा पहाटे रस्त्यावर पोलीस भरतीच्या 1600 मीटरचा सराव करू लागतो, तेव्हा त्याचे वर्णन ‘अपयशी’ याखेरीज कोणत्या शब्दाने करावे, हे आपल्या विद्यार्थ्याला सुचत नाही. तो मुलगा रात्रीच्या सामन्यात अजूनही खेळतो, गाव अजूनही त्याच्यासाठी ओरडते, त्याला त्या पकडीतला आनंद अजूनही मिळतो. या आयुष्याला शब्द नाहीत, ही त्याची नव्हे, आपल्या वाङ्मयाची गरिबी आहे.

तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीच्या महाविद्यालयांत मराठी शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांकडे आमचे मागणे साधे आहे. आपल्या गावच्या कबड्डी संघाची नोंद करा. दहा वर्षांपूर्वीचे सात जण आज कुठे आहेत ते विचारा, सातांचेही. त्यांच्या बोलीत खेळाचे जे शब्द आहेत ते लिहून घ्या. माडिया आणि गोंडीतलेही. त्यातला एखादा लीगमध्ये पोहोचला असेल तर त्याचीही गोष्ट जरूर लिहा, पण ती सातांपैकी एकाची गोष्ट म्हणून लिहा.